सूट राहू द्या, लाइट आणि मिस्त्री द्या

(कापूस आणि ज्वारी पट्ट्यातील कार्यकर्त्यांच्या कोल्हापूर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



यवतमाळ, परभणी, बीड, मंगळवेढा, जत अशा कोरडवाहू मुलखातून तुम्ही रात्रभर एस.टी.त अवघडून बसून कोल्हापुरात आलात. पंचगंगा ओलांडताना दोन्ही बाजूंचा हिरवागार ऊस पाहून तुमच्या मनात काय आले असेल, ते आम्हाला कळते. आणि एवढ्या लांबून आल्यावर आम्ही विषय काय काढला? तर विजेची गाडी!

सकाळी चहाच्या वेळी एका भावाने विचारलेच, "आमच्या विहिरीवरची मोटर चालायला रात्री दोन वाजता उठावं लागतं. आम्हाला विजेच्या गाडीचं काय सांगता?" प्रश्न रास्त आहे. याच प्रश्नापासून सुरुवात करू, कारण विजेच्या गाडीचा सगळा तिढा या प्रश्नात आहे. गाडी महाग आहे म्हणून माणूस थांबलेला नाही. विजेवर त्याचा भरवसा नाही म्हणून तो थांबलेला आहे.

हा विषय आपला कसा?

मोटारगाडी शहरातल्या माणसाची, असे आपण समजतो. पण हिशेब काढा. घरात एक मोटारसायकल आहे. ती तालुक्याला जाते, बँकेत जाते, दूध घालायला जाते, खताच्या रांगेत उभी राहते. कापूस जिनिंगवर न्यायचा तर पिकअप किंवा छोटा हत्ती भाड्याने आणावा लागतो, आणि त्याचे भाडे डिझेलच्या भावाबरोबर चढते. कापसाचा भाव काही डिझेलबरोबर चढत नाही. म्हणजे तेलाचा खर्च शेवटी आपल्याच कापसातून वजा होतो.

आता पाटी-पेन्सिल घ्या. मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०४ रुपये आहे असे धरा. किलोमीटरला दोन रुपये पडले. विजेची दुचाकी ३ युनिटांत ८० किलोमीटर जाते आणि युनिटला १० रुपये पडतात असे धरा. किलोमीटरला चाळीस पैसेसुद्धा पडत नाहीत. रोज ३० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस फिरणाऱ्याचे पेट्रोलला १,५०० रुपये जातात, विजेला ३०० रुपये. महिन्याला १,२०० रुपये वाचले, वर्षाला १४,४००. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे वर्षाला पावणेदोन क्विंटल कापूस आपण नुसता धुराड्यातून सोडून देतो.

बॅटरी बदलण्याचा खर्च यात धरलेला नाही, हेही सांगून ठेवतो. अर्धा हिशेब सांगणारा व्यापारी आपल्याला चालत नाही, मग अर्धा हिशेब सांगणारा वक्ता कसा चालेल? तो खर्च पुढे येईलच.

रिक्षा स्टँडवरचे उत्तर

या बैठकीची तयारी करताना आम्ही इथल्या एस.टी. स्टँडबाहेर रिक्षावाल्यांशी बोलत बसलो. कोल्हापूरचा रिक्षावाला म्हणजे हौशी माणूस. घरच्या बैलासारखी रिक्षा सजवतो, धुतो, पुसतो. एकाला आम्ही विचारले, "सरकारने किती हजारांची सूट दिली तर तुम्ही विजेची रिक्षा घ्याल?" तो म्हणाला, "सूट ऱ्हाऊ द्या. गाडी मधीच बंद पडली तर उद्यमनगरात कोण खोलून बघणार, त्येवढं सांगा."

भावांनो, या एका वाक्यात सगळे धोरण आले. उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरची कारागिरांची पेठ. ज्यांनी कॉलेजची पायरी पाहिली नाही अशा मिस्त्र्यांनी इथे ऑइल इंजिने खोलून पाहिली, तशी इंजिने घडवली आणि गावोगावच्या विहिरींवर बसवली. मोटेवरून इंजिनावर जाताना शेतकऱ्याला जो धीर आला, तो या मिस्त्र्यांमुळे आला. बिघडले तर दुरुस्त होईल, सुटा भाग मिळेल, शेंगा वाळायच्या आत पाणी पुन्हा सुरू होईल, हा तो धीर. विजेच्या गाडीमागे आज असा मिस्त्री उभा नाही. रिक्षावाला थांबला आहे तो त्यासाठी.

सवलतीने काय झाले?

सरकारने पैसे दिले नाहीत असे नाही. २०१५ साली केंद्राने विजेच्या वाहनांसाठी 'फेम' योजना आणली. एप्रिल २०१९ पासून तिचा दुसरा टप्पा आला, तो १०,००० कोटी रुपयांचा. विजेच्या वाहनांवरचा जीएसटी २०१९ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. महाराष्ट्राने २०१८, २०२१ आणि २०२५ अशी तीन धोरणे केली.

यातून काय शिकायला मिळाले? जून २०२३ मध्ये केंद्राने दुचाकीवरची सूट कमी केली. मे महिन्यात देशात लाखाच्या वर विजेच्या दुचाकी खपल्या होत्या. जूनमध्ये खप निम्म्याच्या खाली आला. जर्मनी तर श्रीमंत देश. तिथे डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने अनुदान एकाएकी थांबवले आणि २०२४ मध्ये विजेच्या मोटारींचा खप चौथ्या हिश्श्याहून जास्त घटला. सुटीच्या ओढीने आलेले गिऱ्हाईक सूट संपताच मागे फिरते.

दुसरे असे, की अनुदान आले की हिशेबाची गडबडही आली. सुटे भाग देशातच बनवायचे ही अट मोडून अनुदान उचलले, म्हणून २०२३ मध्ये सरकारला सात कंपन्यांकडे पैसे परत मागावे लागले. ठिबकच्या अनुदानाची गोष्ट तुम्हाला वेगळी सांगायला नको. अनुदान आपल्या नावाने निघते, पण ते कोणाच्या खिशात किती उरते हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

आणि तिसरी गोष्ट. हा पैसा येतो कुठून? कर सगळेच भरतात. मोटारसायकलमध्ये पेट्रोल घालणारा ज्वारीवाला भरतो आणि ट्रॅक्टरमध्ये डिझेल घालणारा कापूसवालाही भरतो. त्याच्या कराने दुसऱ्याची महागडी मोटार स्वस्त व्हावी, हा कुठला न्याय? म्हणून आम्ही म्हणतो की पैशाची सूट बाजूला ठेवा आणि तिच्याशिवाय माणूस कसा वळतो ते बघा.

बीटीचे पाकीट आणि मालदांडी

माणूस कसा वळतो, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही. कापूसवाल्यांनो, २००२ चा मार्च आठवा. बीटी कापसाला परवानगी मिळाली. साध्या बियाण्याचे पाकीट साडेचारशेच्या घरात आणि हे पाकीट सोळाशे रुपयांना. त्याच्या आधीच, २००१ साली, परवानगी नसलेले बीटी बियाणे गुजरातच्या शेतांत सापडले होते. म्हणजे शेतकऱ्याने सरकारच्या परवानगीचीसुद्धा वाट पाहिली नाही. कोणी अनुदान दिले म्हणून आपण ते पेरले का? बांधापलीकडच्या शेतात बोंडे शाबूत दिसली आणि फवारण्या वाचलेल्या दिसल्या, म्हणून पेरले. दहा-बारा वर्षांत देशातले जवळजवळ सगळे कापसाचे रान बीटीखाली गेले.

त्याच गोष्टीचा दुसरा भागही विसरू नका. पुढे गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला पचवू लागली. २०१७ मध्ये महाराष्ट्रात बोंडअळीने हाहाकार केला आणि त्याच हंगामात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले. नवे तंत्र घ्यावे, पण डोळे उघडे ठेवून घ्यावे.

आता ज्वारीवाल्यांनो, तुमची गोष्ट. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण सीएसएच-१ आले. सरकारने मोहीम काढली आणि खत-बियाणे पुरवले. खरिपात ती पसरली, पण दाणा पावसात काळा पडे, कडबा आखूड निघे आणि भाकरी खाणाऱ्याच्या पसंतीस उतरेना. रब्बीत मात्र मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ अजून ठाण मांडून आहे. का? थोड्या ओलीवर येते, कडबा देते आणि भाकरी गोड लागते. सरकारी मोहिमेने आलेले वाण तिला रब्बीतून हटवू शकले नाही.

जे बांधावर स्वतःच्या डोळ्यांनी दिसते आणि जे घरच्या सगळ्या गरजा भागवते, ते माणूस स्वतःच्या पैशाने घेतो. जे एकच गरज भागवते आणि तीन गरजा अडवते, ते फुकट दिले तरी कोपऱ्यात पडून राहते. गाडीचेही असेच आहे.

रिक्षाने दाखवलेली वाट

विजेच्या गाडीतही हे घडून गेले आहे. दिल्लीत आणि उत्तरेकडच्या शहरांत २०१० नंतर बॅटरीच्या ई-रिक्षा हजारोंनी आल्या. फेम योजना तेव्हा जन्मलीही नव्हती. पायडल मारून छाती फुटणाऱ्या माणसाने व्याजाने पैसे काढून ही रिक्षा घेतली, कारण संध्याकाळी हातात चार पैसे जास्त उरत होते. कायद्यात तिला जागा नव्हती. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंद करायला सांगितले, आणि २०१५ मध्ये मोटार वाहन कायदाच बदलून तिला जागा द्यावी लागली. २०२३ मध्ये विजेच्या तीनचाकींच्या खपात भारताने चीनला मागे टाकले. आज देशात विकली जाणारी निम्म्याहून जास्त तीनचाकी वाहने विजेची आहेत.

आपल्या शेजारी, सातारा जिल्ह्यात फलटणला, निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. बॅटरीवर चालणारी रिक्षा त्यांनी २००० च्या आसपासच तयार करून दाखवली होती. ज्वारीवाल्यांनी आणखी एक गोष्ट ऐकावी. याच संस्थेने 'मधुरा' ही गोड ज्वारी काढली आणि तिच्या रसापासून इथेनॉल करून दाखवले. कोरडवाहू माणसाच्या गरजेतूनही नवी यंत्रे निघतात.

आपल्याच राज्यातल्या माथेरानला मोटारीला बंदी आणि माणूस माणसाला रिक्षात बसवून ओढत होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही प्रथा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणायला सांगितले. तिथे हा इंधनाचा नाही, माणुसकीचा प्रश्न होता.

पैसे न देता काय देता येते?

मग सरकारकडे मागायचे काय? आमच्या मते पाच गोष्टी.

पहिली, लाइट. गावठाणाच्या फीडरवर पूर्ण दाबाची, वेळेवर येणारी वीज द्या. शेतीपंपाला वर्षानुवर्षे आलटून-पालटून रात्रीची पाळी दिली. आता सौर प्रकल्पांतून दिवसा वीज देण्याचे बोलले जाते आहे. ती खरोखर बांधापर्यंत आली, तर ज्याला दिवसा पंप चालवता येईल त्याला रात्री घरी झोपता येईल आणि गाडीही घरीच चार्ज होईल. आठ दिवसांतून दोनदा ट्रान्सफॉर्मर जळणाऱ्या गावाला लाखाची सूट दिली तरी तिथे विजेची गाडी येणार नाही.

दुसरी, चार्जिंगची जागा. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले आहे की गाडी चार्ज करून देणे ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. त्यासाठी वीज कायद्याखालचा परवाना लागत नाही. म्हणजे नियम पाळून पिठाच्या गिरणीवालासुद्धा चार्जिंगचे केंद्र काढू शकतो. बाजार समितीच्या आवारात, जिनिंगच्या वजनकाट्याजवळ, एस.टी. स्टँडवर जागा आणि जोडणी वेळेत मिळाली पाहिजे. कापूस उतरायला दोन तास लागतात, तेवढ्या वेळात गाडीचे पोट भरले पाहिजे.

तिसरी, मिस्त्री. आय.टी.आय.त विजेच्या गाडीचा अभ्यासक्रम नीट चालवा, आणि कंपन्यांनी दुरुस्तीची पुस्तके, सुटे भाग, तपासणीची यंत्रे गावच्या मिस्त्र्याला विकत मिळू द्यावीत. गाडी उघडायची तर कंपनीच्याच दारात या, असे असेल तर मालकाला शेवटी वेठबिगारी करावी लागते.

चौथी, खरी माहिती. जाहिरातीत दीडशे किलोमीटर लिहिलेले असते. ते कुठल्या रस्त्यावर, किती वजनावर? मे महिन्यात, मागे बायको आणि पुढे युरियाचे पोते असताना, कच्च्या रस्त्यावर ती किती जाते, ते सांगा. बॅटरीची हमी कंपनीनुसार तीन वर्षांपासून आठ वर्षांपर्यंत असते. हमी कशाची आहे आणि कशाची नाही, ते मराठीत एका कागदावर लिहून द्या. २०२२ मध्ये काही दुचाकींनी पेट घेतला, त्यानंतर सरकारने बॅटरीच्या कसोट्या कडक केल्या. हे काम सरकारने करायचे आहे. कसोटी लावा आणि तिचा निकाल लोकांसमोर ठेवा.

पाचवी, वाट मोकळी करा. ऑक्टोबर २०१८ पासून बॅटरीवरच्या व्यावसायिक वाहनाला परमिट लागत नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या दुचाकीला नोंदणी लागत नाही आणि लायसन्सही लागत नाही. शेतावर भाकरी घेऊन जाणाऱ्या मायबहिणींना हे कोणी सांगितलेच नाही. नॉर्वे देशाने विजेच्या मोटारींना बसच्या राखीव रस्त्यावरून जाऊ दिले. गर्दीत अडकलेला शेजारी दहा मिनिटे आधी घरी पोचतो, हे रोज डोळ्यांना दिसू लागले. तिथे करातही मोठी सूट होती, हे लपवायचे कारण नाही. पण वेळ वाचवून देणे ही सुद्धा सवलतच आहे आणि तिला तिजोरी लागत नाही. अंबाबाईच्या देवळाभोवतालच्या अरुंद गल्ल्यांत माल उतरवायला आवाज आणि धूर न करणाऱ्या गाडीला आधीची वेळ दिली, तर कोल्हापूरचा व्यापारी आपणहून हिशेब करील.

सक्ती मात्र नको. या शहरावर टोल लादला तेव्हा प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखा म्हातारा माणूस रस्त्यावर उतरला, सगळे शहर त्याच्या मागे उभे राहिले आणि टोल रद्द झाला. दंडुका उगारून कोल्हापूरकर वळत नाही आणि कोरडवाहू शेतकरीही वळत नाही.

कोल्हापूरची धास्ती

एक बाजू अजून राहिली. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून मोटारींच्या इंजिनांचे ओतीव भाग जातात. विजेच्या गाडीला इंजिनच नाही. मग भट्टीवरच्या कामगाराने काय करायचे? तो कामगार आपल्याच घरातला आहे. दुष्काळात जत-आटपाडीकडून आलेली पोरे या भट्ट्यांवर उभी आहेत. ऊसवाला विचारतो की पेट्रोलमधले इथेनॉल २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत नेले, कारखान्यांनी कर्जे काढली, आता पेट्रोलच गेले तर?

ही धास्ती खोटी नाही. पण पेट्रोल एका रात्रीत जाणार नाही. ट्रॅक्टर, ट्रक, पंप यांना अजून बरीच वर्षे इंजिन लागेल. आणि विजेच्या गाडीलाही मोटरचे कवच, ब्रेकचे ड्रम, चाकाचे हब लागतातच. ज्या गावाने परदेशी इंजिन खोलून आपले इंजिन घडवले, त्या गावाने मोटरही खोलून पाहावी. वेळ आहे तोवर पाहावी, एवढेच आमचे म्हणणे.

कोणी घ्यावी, कोणी थांबावे

शेवटी रोखठोक सांगतो. ज्याचे रोजचे जाणे-येणे ठरलेले आहे, ज्याच्या घरात मीटर आहे आणि रात्री सहा तास लाइट टिकते, त्याने दुचाकीचा विचार जरूर करावा. ज्याला एका दमात दीडशे किलोमीटर जायचे आहे, वाटेत चार्जिंग नाही आणि तालुक्यात मिस्त्री नाही, त्याने आज थांबावे. त्यात मागासलेपण नाही. शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करू नका. तो विजेचा बेकायदा वापर धरला जातो आणि दंडाचे बिल येते. घरच्या मीटरवरून करा, तिथे कोणाची आडकाठी नाही. बॅटरी बदलायची वेळ येईल तेव्हासाठी वाचलेल्या पैशातले निम्मे बाजूला टाका. २०१० पासून बॅटरीचे दर नव्वद टक्क्यांच्या आसपास उतरले आहेत, तरी फुकट ती कधीच मिळणार नाही.

गावी गेल्यावर एक काम करा. गावात कोणाकडे विजेची गाडी असेल तर शिवारफेरी काढतो तशी तिची फेरी काढा. एक पोते टाका, चढावर न्या, परत आल्यावर किती युनिट लागले ते मीटरवर वाचा आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. चांगला असो, वाईट असो, खरा लिहा. पुढच्या जिल्हा बैठकीला तो आकडा घेऊन या. दहा गावांचे असे दहा आकडे जमले, तर ते कंपनीच्या जाहिरातीपेक्षा आणि सरकारच्या सुटीपेक्षा जास्त माणसे वळवतील.

आणि त्याच फळ्यावर दुसरा आकडाही लिहा, की या महिन्यात गावची लाइट किती तास गेली. तो आकडा घेऊन आपण वीज कंपनीच्या दारात जाऊ. सूट मागायला जायचे नाही. ज्याचे बिल भरतो ती वीज मागायला जायचे.